फिल्म इक्बालने काढली

गुरुवार, वादी कबीर

लिहायचं टाळतच होतो. लिहिलं तर कबूल करावं लागेल ना, की मी माझ्या रूममेटवर, इक्बालवर जळतोय.

मागे एक जुनी फिल्म माझ्याच लॅपटॉपवर बघितली आम्ही दोघांनी. अमेरिकेतल्या काळ्या कामगारांची वस्ती, तिथल्याच कुणीतरी मित्रांना घेऊन काढलेली. दोन भाऊ जुना फ्रीज जिन्यावरून चढवतात, मावशी पायरीवर बसून पोरीच्या वेण्या घालते. बस, एवढंच. मी म्हटलं, "यात स्टोरी कुठाय?" आणि फ्रीज कुठल्या कंपनीचा यावर बोलत बसलो. इक्बालने ती परत पहिल्यापासून लावली. दुसऱ्या दिवसापासून तो मोबाईलवर आमचं गॅरेज शूट करायला लागला.

आज त्याने आपली फिल्म दाखवली सगळ्यांना. चांगली झालीय, च्यायला. शेवटी आमचा मालक, अर्बाब, शटर ओढून म्हणतो, "खलास!" म्हणजे त्याच्या अरबीत, काम संपलं, घरी जा. रत्नागिरीत इक्बालच्या अम्मीने फोनवर बघितलं आणि किंचाळली, "अरे, कोन खलास झाला?" सगळे हसले. मीही हसलो. पण तो फ्रीज मीही बघितला होता की! सिनेमा काढणार म्हणून गावभर सांगत फिरलो तो मी.

"तुझा सीन भारी आलाय रे," इक्बाल म्हणाला. सीनमध्ये मी चहा पितोय.

बेल वाजली. दारात अर्बाब! हा कधी आमच्या खोलीवर येत नाही. विचारतोय, "वो फिल्म किसने बनाया?"

इक्बाल आंघोळीला गेलाय.