कांद्यावरची ताडपत्री

रविवार, १५ नोव्हेंबर १९९८. खोडद.

दोन्ही हात भरून आलेत, तरी आजच लिहिते. आम्ही दोघं शिडाच्या होडीतून धरणातल्या बेटापर्यंत गेलो. खरंच गेलो.

गेल्या रविवारी ह्यांनी रोपांवरच्या हिरव्या जाळीचं शीड केलं होतं. नोकरी इथल्या रेडिओ दुर्बिणीवर. तिथल्या तबकड्या मुद्दाम जाळीच्या, वारा आरपार जावा म्हणून. सहा वर्षं तेच बघितलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मी म्हटलं, वारा अडायला नको का? तर म्हणे, "तुला काय कळतंय त्यातलं." मग येडगाव धरणाच्या पाण्यात होडी जागची हलेना. होडीवाले दगडूभाऊ काठावरून म्हणाले, "पावणं, चाळणीत वारा भरताय व्हय?"

म्हणून चार दुपारी बसून मी कांद्यावरची ताडपत्री दाभणाने शिवली. आज बांबूवर चढवली, कांद्याचा वास सुटला, आणि ती टम्म फुगली. दोन टेकाडांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून होडी सरळ बेटाला लागली. येताना वारा उलटा, वल्ही मारावी लागली. दगडूभाऊ म्हणाले, "लई भारी, वैनी."

हे मात्र ताडपत्री खांद्यावर टाकून माझ्या पुढे पुढे चालत घरी आले. राग आला असेल? दगडूभाऊंसमोर मी असं करायला नको होतं का?

अंगणात ताडपत्रीची घडी त्यांनीच घातली. मी ती परत कांदाचाळीवर टाकायला उचलली, तर म्हणाले,

"राहू दे. कांद्याला दुसरी आणू."