घरून मागवलेलं उत्तर

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामा-मामीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. देवाच्या दयेने इकडे सगळं ठीक. थंडी ओसरत आली, नळाला पाणी वेळेवर येतं, आणि तुझ्या मामांचा स्वभाव आहे तसाच आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही.

फादर व्हायला गेलास त्या सेमिनरीत रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळच्या मिस्सेच्या उपासनेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हे मी मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. तर म्हणाले, "ह्याच्या तोंडाला कुलूप? किल्ली कुणाकडे असते ते विचारून घे." तुझी आई गेल्यावर तू आमच्याकडे आलास तेव्हा तुला घास भरवायला मी ताट घेऊन घरभर तुझ्यामागे पळायची. भिंगरी हे नाव तेव्हाचं. तो पोरगा आता भल्या पहाटे गुडघ्यांवर स्थिर बसतो, हे मी लोकांना सांगते तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही.

दुकानात अजून तुझाच विषय असतो. परवा बेकरीवाला दाढीला बसला आणि लागला बोलायला, "मामा, भाच्याला फादर करायचं होतं तर आपल्या शर्टवाल्या फादरांसारखं तरी होऊ द्यायचं! स्कूटरवर फिरतात, पोरांशी क्रिकेट खेळतात. ह्या बटणवाल्या म्हाताऱ्या फादरांच्या नादाने कुठे धाडलंत? पायघोळ काळा झगा, गळ्यापासून पायापर्यंत बटणं, लोकांकडे पाठ करून मिस्सा, आणि ती पण लॅटिनमध्ये. कळतं का कुणाला एक अक्षर?"

मी पडद्याआडून म्हटलं, "तुमचे मामा तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतात ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही. संसार झालाच ना?"

सगळं दुकान हसलं. मामाही हसले, पण आरशाकडे न बघता.

आता तुझ्या पत्रातली मुख्य गोष्ट. महिनाअखेर बिशप येणार, वेदीपुढे तुम्हा पहिल्या वर्षाच्या मुलांच्या केसांच्या बटा देवाला वाहून घेतल्याची खूण म्हणून कापणार, आणि मग तुम्हाला झगा मिळणार. त्याआधी सेमिनरीच्या मुख्यांनी, रेक्टरांनी, प्रत्येकाच्या घरून एका प्रश्नाचं उत्तर मागवलंय, 'घरी कुणाचं याच्यावाचून अडतं का?' अडत असेल तर मुलाने आधी घर सांभाळायचं, देव थांबायला तयार असतो, ही जुन्या लोकांची पद्धत. पद्धत चांगली आहे. उत्तर पाठवते सावकाश. एवढी घाई नसेल ना?

मामांचा हात कसा आहे असं तू विचारलंस. हात जागच्या जागी आहे. या खेपेला त्यांनी शेवटी दोन ओळी लिहिल्या नाहीत, कारण दुकानात गर्दी होती.

फरशी गार असेल. प्रार्थनेला बसताना मोजे घालत जा. मोज्यांनी भक्ती कमी होत नाही.

तुझी,
मामी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

इतक्या लगेच तुझं पत्र आलं की पोस्टमनने विचारलं, "काय मामी, सगळं ठीक ना?" त्यात पुन्हा तेच. मामांचा हात कसा आहे, दुकान एकट्याने झेपतं का, रेक्टरांना काय लिहिलंस.

"त्याला काही कळवायचं नाही" असं मामांनी बजावलंय. पण तू गेल्या उन्हाळ्यातच काहीतरी पाहून गेलेला दिसतोस. मग लपवून काय उपयोग?

त्यांचा उजवा हात थरथरतो. आधी नुसता चहाच्या कपापाशी थरथरायचा. मी म्हणायची, बशीत ओता. गेल्या शनिवारी म्हातारे फादर नेहमीसारखे दाढीला आले. मामांनी फेस केला, वस्तरा पट्ट्यावर घासला, हनुवटीखाली लावला आणि हात सटकला. रक्त आलं. मी आतून तुरटी घेऊन धावले. मामा पांढरेफटक. फादर डोळे मिटून शांत, म्हणाले, "बारीक ओरखडा आहे. याहून मोठे मी माझ्या हाताने काढलेत." रविवारी मिस्सेत ते आशीर्वाद द्यायला आमच्याकडे वळले तर हनुवटीला कापसाचा बोळा. बेकरीवाली बाई मागून कुजबुजली, "आता खरे जुन्या वळणाचे दिसतात." मला हसूही येईना आणि रडूही.

तेव्हापासून वस्तरा खणात आहे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. केस कापायचं मशीन अजून चालवतात, पण दाढीची गिऱ्हाइकं पांगली. दुसरी खुर्ची, तू काम शिकलास ती, तशीच रिकामी. तिच्यावर मामा वर्तमानपत्र ठेवतात.

याला अडणं म्हणायचं की नाही, ते माझं मला ठरत नाही. रेक्टरांना खरं काय ते लिहायचंय. माझ्या मनात काय लिहायचंय ते मात्र विचारू नकोस. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसते आणि भाजी करपते.

तुझी,
मामी


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

काल तुझं पत्र आलं. 'बॅग भरून ठेवलीय. मामी, तू फक्त हो म्हणून एक ओळ लिही, रेक्टर लगेच सोडतील. झगा काय, कधीही मिळेल.'

वाचून मी नाचायला हवं होतं. का, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तुला कळेल. त्या शनिवारी वस्तरा सटकला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ठाऊक आहे? आता हा परत येईल. फादरांच्या हनुवटीवरून रक्त ओघळतंय, नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालंय, आणि मी तुरटी शोधता शोधता मनात तुझी खोली झाडत होते, गादीला नवीन अभ्रा घालत होते. अशी आहे तुझी मामी. ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली त्याच्या दुखण्यावर मी मनात पेढे वाटले.

हे मी म्हाताऱ्या फादरांना पापकबुलीत सांगितलं. जाळीपलीकडून म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून रेक्टरांना उत्तर लिही. तुला हवं ते नको, त्यालाही हवं ते नको. जे असेल ते."

"त्यालाही हवं ते" म्हणजे काय ते मला तेव्हा उमगलं नाही. काल तुझं पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला. म्हणाले, "घाबरलाय. कात्री जवळ आली की सगळे घाबरतात. मीही घाबरलो होतो. घरून काही अडचण कळवतील म्हणून रोज टपालाची वाट बघायचो. पण माझा बाप धडधाकट. त्या वर्षी मला त्याचा फार राग आला होता."

घरी येऊन तुझी तिन्ही पत्रं पुन्हा वाचली. मामांचा हात, दुकान, खुर्ची, सगळं आहे. तिथलं सोडून यायचं दुःख वाटतंय असं एक अक्षर नाही. आणि तिथे राहावंसं वाटत नाही असंही कुठे लिहिलेलं नाही. बाळा, तू ठरवतच नाहीयेस. आमच्याकडून ठरवून घेतोयस.

मग मी मामांसमोर बसले आणि स्पष्ट विचारलं, "आपलं याच्यावाचून अडतं का?"

"चहा कर."

चहा केला. बशीत ओतला. पिऊन झाल्यावर म्हणाले, "बस स्टँडजवळच्या त्या कारागिराचं दुकान रस्तारुंदीत गेलं ना, त्याला विचारलंय. सोमवारपासून येतोय. दाढ्या तो करील, केस मी कापीन, मिळकत निम्मी-निम्मी. हात हलका आहे त्याचा. बडबडतो फार, पण चालायचंच."

"कोणत्या खुर्चीवर?"

"दुसऱ्या," म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले. मला न विचारता करून आले होते. मी कपबशी उचलून आत गेले. तिथेच थांबले असते तर आम्ही दोघं रडलो असतो, आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं.

तेव्हा आता ऐक. तुला यायचंय तर ये. भीती वाटते म्हणून ये, तिथे मन लागत नाही म्हणून ये, हे देवाचं बोलावणं नव्हे असं कळलं म्हणून ये. दार उघडं आहे, मी काही विचारणार नाही, बेकरीवाल्याचं तोंड मी बंद करीन. पण मामांचा हात पुढे करून येऊ नकोस. तसा आलास तर ते जन्मभर त्या हाताकडे बघत बसतील, यानेच पोराला मागे ओढलं म्हणून. आणि राहायचं असेल तर तुझ्या पायांनी राहा. आमच्यासाठी नको, बटणवाल्या फादरांसाठीही नको.

त्यांनाही विचारलं, त्याला बोलावणं आहे की नाही ते तुम्ही तरी सांगा. म्हणाले, "मला माझ्याबद्दल ठरवायलाच चाळिशी आली. त्याचं मी काय सांगू?" असल्या माणसाच्या नादी लागलास बघ.

रेक्टरांसाठीचं उत्तर खाली वेगळं लिहिलंय, मामांनीही सही केलीय. तेवढा तुकडा फाडून त्यांना दे, किंवा देऊ नकोस. ते तुझ्या हातात. हे एवढं वाक्य लिहायला मला सबंध सकाळ लागली.

'आमचं याच्यावाचून अडत नाही.'

करमतं का, असं त्यांनी विचारलेलं नाही.

तुझी,
मामी