धक्क्यावरच्या नळाला झडप बसवू देण्याबाबत

प्रति,
मा. सहाय्यक कार्यकारी अभियंता (श्री. जयसिंगराव इंगळे साहेब),
तलाव देखभाल उपविभाग, हुणसेकट्टे तलाव,
महादेवपुरा, बेंगळूरु.

अर्जदार : संग्राम दयानंद हुक्केरी, चालक, जलपर्णी काढणारी बोट क्र. २, मूळ राहणार निपाणी.

विषय : धक्क्यावरील पिण्याच्या नळाला उलटे पाणी रोखणारी झडप बसविण्यासाठी दहा मिनिटांची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा कन्नड अर्ज, दि. १७ फेब्रुवारी. २) अर्जदाराचा इंग्रजी अर्ज, दि. ५ मार्च. ३) आपल्या कार्यालयाचा शेरा ‘तक्रार नाही’, दि. २ एप्रिल.

महोदय,

प्रथम भाषेविषयी खुलासा. यापूर्वीचे दोन्ही अर्ज शेवटी ‘वाचले’ असा शेरा होऊन परत आले. आपण मूळचे कराडकडचे असल्याचे शिपाई रघुजी यांनी सांगितल्यावरून हा तिसरा अर्ज मराठीत सादर आहे. चौथी भाषा अर्जदारास येत नाही.

१. बोट क्र. २ वर अर्जदार, मदतनीस परसू आणि जलपर्णीतून प्लॅस्टिक वेचणाऱ्या ठकुबाई असे तिघे कामास होते. बोटीवर पिण्याच्या पाण्याची दोनशे लिटरची टाकी आहे. ती धक्क्यावरच्या नळाला हिरवा पाइप लावून भरली जाते. नळाला कावेरीचे पाणी एक दिवसाआड येते, तेही स्वतःच्या सवडीने. पाइप उन्हात ठेवला की कडक होऊन तडकतो. म्हणून पाइप नळालाच ठेवायचा, नळ उघडा सोडायचा आणि दुसरे टोक तलावात सोडायचे, अशी पद्धत अर्जदाराने दोन वर्षांपूर्वी शोधून काढली. पाइप मऊ राहतो. पाणी आले की तलावात बुडबुडे येतात, मग टोक उचलून टाकीत घालायचे. या पद्धतीबद्दल आपल्या कार्यालयाने अर्जदारास ‘उत्कृष्ट सूचना’ म्हणून प्रशस्तिपत्र दिले. सोबत शालही होती.

२. दि. ४ फेब्रुवारी रोजी टाकी भरून झाल्यावर टोक नेहमीप्रमाणे तलावात सोडले. साडेदहाला पाणी गेले. अकरा वाजता आपल्या कार्यालयाची मोटर सुरू झाली. ती त्याच वाहिनीला थेट जोडलेली आहे. वाहिनी रिकामी होती, म्हणून मोटरीने मिळेल तिथून ओढले. हिरव्या पाइपातून मिळाला तो तलाव. पाऊण तासात कार्यालयाची गच्चीवरची टाकी भरली. मोटरीचा यात दोष नाही, तिने सांगितलेले काम केले.

३. दुपारी ठकुबाईंनी कार्यालयामागच्या, त्याच गच्चीवरच्या टाकीच्या नळावर तांब्या भरला. बोटीच्या टाकीतले पाणी उन्हाने तापते, म्हणून त्या नेहमी तिथलेच घेत. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, “काय रे संग्रामा, पाण्याला तळ्याचा वास मारतोय.” अर्जदार म्हणाला, “अक्का, तळ्याकाठी काय गुलाबाचा येणार?” त्या हसल्या. “मेल्या, तुझ्या जिभेला हाड नाही,” म्हणाल्या आणि तांब्या संपवला. मग दुसरा भरला.

परसूने त्या दिवशी फक्त चहा घेतला. अर्जदाराने ताक घेतले. कार्यालयातील सर्वांसाठी वीस लिटरचे कॅन बाहेरून येतात. त्यामुळे या पाण्याचा लाभ एकट्या ठकुबाईंना झाला.

४. दि. ९ फेब्रुवारी रोजी त्या वारल्या. दवाखान्याच्या कागदावर ‘दूषित पाणी’ असे कारण आहे. कोणते पाणी, ते लिहिलेले नाही. आपल्या कार्यालयाच्या नोंदीत ‘वयोमान’ असे आहे. त्यांचे वय चोपन्न होते. त्या दिवसापासून अर्जदाराने विनोद करणे बंद केले आहे. या अर्जात कुठे तसे वाटल्यास ती वस्तुस्थिती समजावी.

५. झडप अर्जदाराने स्वतः आणलेली आहे. पितळी आहे, मुठीत मावते. नळ आणि पाइप यांच्यामध्ये ती बसवली की पाणी बोटीकडे जाते, परत येत नाही. बसवायला पाना आणि दहा मिनिटे लागतात. परंतु नळावर कार्यालयाचे सील असल्याने परवानगी आवश्यक आहे. ती मागितली असता पुढीलप्रमाणे घडले.

पहिल्या अर्जावर असे कळवण्यात आले की नळजोडणीत बदल फक्त इमारतीस मिळतो, तरी बोटीचे मजले व दरवाजाची दिशा कळवावी. अर्जदाराने मजले ‘एक, निम्मा पाण्याखाली’ असे लिहिले. दरवाजाची दिशा वाऱ्यावर अवलंबून आहे, असेही प्रामाणिकपणे नमूद केले. त्यावर बोट एका जागी राहत नसल्याने पत्ता ग्राह्य नाही, असा शेरा आला. म्हणून परसूने बोट धक्क्याला साखळीने बांधली आणि तिच्यावर ‘घर नं. २’ अशी पाटी लावली. नवव्या दिवशी आपल्याच कार्यालयाच्या दुसऱ्या टेबलाकडून नोटीस आली की बोट हलत नसून तिच्याभोवती जलपर्णी वाढली आहे. ती जलपर्णी काढण्यासाठी बोट क्र. २ पाठवावी, असा त्यात आदेश होता.

दुसऱ्या अर्जानंतर स्थळपाहणी झाली. पाहणीस आलेल्या साहेबांनी गमबूट घालून धक्क्यावरचा नळ सोडला. तो पाण्याचा दिवस नव्हता. त्यांनी पाच मिनिटे वाट पाहिली आणि ‘नळातून दूषित पाणी येत नाही’ असा अहवाल दिला. तो खरा आहे.

६. शेवटी लिपिक शिवलीला मॅडम यांनी सांगितले की तक्रार बाधित व्यक्तीची हवी, तिने समक्ष येऊन अंगठा द्यावा. बाधित व्यक्ती मयत आहे, असे अर्जदाराने सांगितले. मॅडमचा फोन चालू होता. त्या म्हणाल्या, “सरी सरी, नाळे बन्नी.” म्हणजे उद्या या.

आमच्या बाजूला पूर्वी भूत घरात येऊ नये म्हणून दारावर ‘नाळे बा’, उद्या ये, असे लिहीत. भूत ते वाचून परत जाई, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाची. ठकुबाईंनीच ही गोष्ट एकदा बोटीवर सांगितली होती. अर्जदार त्या दिवसापासून सतरा वेळा कार्यालयात आला आहे आणि सतरा वेळा हेच ऐकून परत गेला आहे. ठकुबाई आणि अर्जदार या दोघांपैकी नेमके कोण वारले, याबद्दल अर्जदाराचा अलीकडे गोंधळ होतो. मस्टरवर सही असते, म्हणून खात्री पटते.

७. तरी विनंती की,

(अ) झडप बसवण्याची परवानगी मिळावी. उन्हाळा आहे. बोट क्र. १ आणि ३ वर मिळून सात माणसे आहेत. त्यांचे पाइप आजही तलावात आहेत, कारण आपले प्रशस्तिपत्र त्यांच्या बोटींवर नमुना म्हणून लावलेले आहे. अर्जदाराने सांगून पाहिले. ते म्हणतात, “अण्णा, फ्रेममध्ये आहे की.”

(आ) ते प्रशस्तिपत्र रद्द करून तिन्ही बोटींवर पुढील मजकूर लावावा : पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा ठेवावा, धुण्याला वापरू नये. त्याचे टोक कुठल्याही पाण्यात बुडू देऊ नये, टाकीतल्यासुद्धा, वीतभर वर धरावे. आधी थोडे पाणी वाहू द्यावे, मग टाकी भरावी. भरून झाले की नळ बंद करून पाइप काढून घ्यावा.

(इ) नोंदीतील ‘वयोमान’ खोडून ‘संग्राम हुक्केरी याचा पाइप’ असे लिहावे. याबद्दल जी कारवाई होईल ती अर्जदारास मान्य आहे. निदान काहीतरी होईल.

(ई) शिवलीला मॅडमच्या सांगण्यानुसार ठकुबाई अंगठा देण्यासाठी कधी समक्ष हजर झाल्याच, तर त्यांना कृपया ‘उद्या या’ म्हणू नये. बाकावर बसवावे. नळ सोडून पहिले पाणी वाहून जाऊ द्यावे आणि मग त्यांचा तांब्या भरून द्यावा. वास येतो का, हे आधी दुसऱ्या कोणीतरी पाहावे. अर्जदार त्या वेळी कामावर असल्यास त्यास बोलावून घ्यावे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, पाना घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेला,

(सही)
संग्राम दयानंद हुक्केरी
दि. २१ एप्रिल २०२५

सोबत :
१) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, फ्रेमसह. शाल ठकुबाईंच्या अंगावर गेली, ती परत करता येत नाही.
२) दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स.
३) झडप, एक नग. (पाहून परत द्यावी. लागणार आहे.)