सोळा डोक्यांचं पंचांग

पांढुर्णा,
ता. १९ ऑक्टोबर १९८९

चि. उर्मिलास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा जुनाच आहे, त्यात नवीन काही नाही. मी आहे तसा आहे.

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तुझ्या संस्थेने कागद विकत घेताना डोळे मिटून घेतले होते काय? दोन्ही कडांना ओळीने भोकं, जणू एखाद्या शिस्तप्रिय उंदराने पाडावीत. शिवाय पानं एकमेकांना अशी जोडलेली की पहिलं उचललं की शेवटचं मागोमाग चालत येतं. तुझ्या यंत्राच्या पंचांगाचं पार्सल बैठकीत सोडलं, तर कागद ओसरी ओलांडून अंगणात उतरला. तिथे शेजारच्या पंचफुलाबाईची बकरी उभी होती. कोणी हात लावायच्या आत तिने सन २०६१ चा माघ महिना खाल्ला. त्या साली कोणाला लग्नाचा मुहूर्त पाहायचा असेल तर आता बकरीलाच विचारावं लागेल.

आई आतून म्हणाली, "अहो, हे काय धुणं वाळत घालून राहिले?" मी म्हटलं, "शंभर वर्षं वाळत घालून राहिलो." ती म्हणाली, "बरं. वाळली की घडी घाला."

तर उर्मी, घडी घातली, पण मन काही घडीत बसेना. गेले कित्येक दिवस मी त्या कागदापुढे देवासमोर बसावं तसा बसतो आहे.

गणपतीत तू आली होतीस तेव्हा मला समजावून सांगितलं होतंस. रीत एकच, तारखांची यादी लांबलचक. यादीचे सोळा वाटे करायचे आणि यंत्राच्या सोळा डोक्यांना, म्हणजे प्रोसेसरांना, देऊन टाकायचे. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या प्रत्येक तारखेला तीच रीत लावायची, शेजाऱ्याकडे मान वळवायची नाही, आणि शेवटी उत्तरं यादीतल्या मूळ क्रमाने मांडायची. मी म्हटलं होतं, "म्हणजे आमच्या शाळेसारखं. एक जण काम करतो, पंधरा जण त्याच्याकडे पाहतात."

तू हसली नाहीस. म्हणालीस, "बाबा, कालच्या उत्तरावर आजचं उत्तर अवलंबून असतं तर अगदी तसंच झालं असतं. पण तुम्हीच मला अहर्गण शिकवला ना? ठरलेल्या एका दिवसापासून आज कितवा दिवस आहे, तो आकडा. तेवढा आकडा दिला की तिथी निघते. काल काय होतं ते विचारावंच लागत नाही. म्हणून तर काम वाटून देता आलं."

मी मान हलवली. मास्तर लोक न कळलेल्या गोष्टीला हलवतात तशी. खरं कळलं ते कागद अंगणात पसरल्यावर.

अहर्गण मला ठाऊक होता, पण वापरत कोण होतं? वर्षाच्या पहिल्या दिवशी एकदा काढायचा, मग रोज कालच्या आकड्यात एक मिळवत पुढे जायचं. माझ्या गुरुजींनी हेच केलं, त्यांच्या गुरुजींनी हेच केलं. आंधळ्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून घाट चढावा, तसा आमचा एकेक दिवस आदल्या दिवसाच्या खांद्यावर हात ठेवून चालायचा. आणि तुझ्या यंत्रात कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर नाही! पहिल्या प्रोसेसरने १९९० ची संकष्टी काढायला घेतली, त्याच क्षणी सोळावा २०८४ च्या एकादशीवर बसला होता. कदाचित ती एकादशी आधीच निघाली असेल आणि आपली येती संकष्टी मागून. तू लिहितेस, कपात चहा ओतेपर्यंत सगळं संपलं. मी हे वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कप मोठा असन." पण माझ्या अंगावर काटा आला. सगळा काळ रांग मोडून एकदम उभा ठाकला, आणि मग शहाण्या मुलासारखा परत ज्याच्या त्याच्या जागी येऊन बसला. एक दिवस मागे नाही, एक पुढे नाही.

मी तुझ्या नव्वदाव्या वाढदिवसाची तिथी पाहिली. माझ्या शंभराव्याचीही पाहिली. माझ्या मागे जे पावसाळे पडतील त्यांचे दिवस तिथे नावानिशी लिहिलेले आहेत, आणि त्या ओळींची शाई बाकीच्यांपेक्षा तसूभरही फिकी नाही. अहंकार उतरवायला याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

आता तपासणीचं. तू लिहिलंस की दिवाळीनंतर दिल्लीचे पाहुणे यंत्र पाहायला येणार, आणि तू त्यांच्यापुढे उभी राहून सांगणार की येत्या वर्षाचा प्रत्येक दिवस माझ्या वडिलांनी हाताने काढून ताडून पाहिला आहे. म्हणून आठवडाभरात होकार कळवा. मी कळवला नाही. तुझं दुसरं पत्र आलं, मी तेही उशीखाली ठेवलं. कारण सांगतो.

मी कामाला लागलो. फाल्गुनापर्यंत तुझं यंत्र आणि मी अगदी गळ्यात गळा घालून चाललो. चैत्रात एका दिवशी आमचं बिनसलं, आणि तिथून पुढे प्रत्येक ओळीत एका दिवसाचा फरक. आनंद झाला, लपवत नाही. सोळा डोकी, त्यातलं एक मठ्ठ निघालं! शाळेत सांगितलं, देवळात सांगितलं. तुला लिहायचं चिमटेदार पत्रही मनात तयार होतं.

तेवढ्यात सावरगावचे भैय्याजी आले. दरसाल दसऱ्याला येतात आणि संत्र्यांची पिशवी ठेवून पुढल्या पोळ्याची तारीख विचारतात, तसे. मी माझ्या आकड्यावरून ऐटीत सांगितली. त्यांनी खिशातून नागपूरचं नवं कॅलेंडर काढलं, घडी उलगडली, चष्मा शोधला.

"गुरुजी, तुमचा पोळा एक दिवस उशिरा कसा काय येऊन राहिला?"

"छापणारे चुकतात, भैय्याजी."

"चुकत असतीन. पन मंग म्या बैल कोनच्या दिवशी सजवू? तुमच्या का सरकारच्या?"

आई दारातून म्हणाली, "दोन्ही दिवस सजवा भाऊजी. बैलायले काय, पुरणपोळी दोनदा भेटन."

सगळे हसलो. मीही हसलो, आणि वर म्हटलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांची एकमेकांवर दगडांची गोटमार, तेव्हा पांढुर्णा माझ्या पंचांगाने जाम नदीवर गेलं आणि सावरगाव कॅलेंडराने, तर इतिहासात पहिल्यांदाच कोणाचं डोकं फुटणार नाही. भैय्याजी डोळे पुसत गेले.

ते गेल्यावर मी चैत्र पुन्हा काढला. दोन लागोपाठच्या दिवसांना मी एकच आकडा दिला होता. एवढंच. शाळेतल्या पोराचीही होते तशी चूक, आणि माझ्या पद्धतीत एका दिवसाने पाय मोडून घेतला की मागचे सगळे लंगडतात. तुझ्याकडे एखादा दिवस चुकला तरी तो एकटाच चुकतो. हेही मला फार सुंदर वाटलं, पण तेव्हा सुंदर वाटून घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

चूक दुरुस्त करून पुन्हा बसलो. या वेळी वैशाखात घसरलो. तिसऱ्यांदा बोट ठेवून, मोठ्याने म्हणत बेरीज केली, आणि ज्येष्ठात आकडा दोनने पुढे गेला. तीच बेरीज, तीन उत्तरं. यंत्राचं उत्तर जागचं हललं नाही.

मग मला सुचलं, की तुझीच रीत घरी का लावू नये? येत्या वर्षाचा कागद त्या भोकांच्या पट्ट्यांसकट फाडून तीन तुकडे केले. एक तुकडा सौसरला देवीदासगुरुजींकडे पाठवला, एक आमच्या शाळेतल्या गणिताच्या प्रकाशसरांना दिला, आणि एक आईपुढे ठेवला. लग्नाआधी तिच्या वडिलांची पंचांगाची बेरीज तीच करायची, हे तुला माहीत नसेल. तिघांनाही सांगितलं, प्रत्येक दिवसाचा अहर्गण स्वतंत्र काढा, कालचा आकडा बघू नका, एकमेकांना विचारू नका. प्रकाशसर म्हणाले, "विचारू कोणाला? देवीदासगुरुजी सौसरहून ओरडले तर ऐकू येईल का?" आई तर रोज ऐकवायची, "बेरजा मी करून राहिले, अन् चहा तुम्ही पिऊन राहिले." मी प्यायचो. मला दुसरं काम नव्हतं.

काल तिन्ही तुकडे परत आले. मी ते डिंकाने जोडले. उर्मी, एकही ओळ चुकलेली नाही. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तुझं यंत्र बरोबर आहे. ओसरीवर तो जोडलेला कागद हातात धरून मी बराच वेळ उभा होतो. तीन माणसं तीन ठिकाणी बसली, एकमेकांना न विचारता मोजत राहिली, आणि पुण्याच्या कुठल्याशा खोलीतल्या सोळा डोक्यांशी जाऊन मिळाली. माझ्या गुरुजींना हे दाखवता आलं असतं तर त्यांनी जोडे काढून त्या यंत्राला नमस्कार केला असता. मी इथूनच केला.

तेव्हा पाहुण्यांपुढे निर्धास्त उभी राहा. फक्त एक कर. "माझ्या वडिलांनी तपासलं" असं सांगू नकोस. देवीदासगुरुजी, प्रकाशसर आणि शकुंतलाबाई ही तीन नावं घे. आईचं नाव घेतलंस तर ती महिनाभर लाजेल, पण घे. माझं घेऊ नकोस. ते खरं होणार नाही.

म्हणशील, तीन बेरजा चुकल्या म्हणून बाबा एवढे का मनाला लावून घेतात? बेरजांचं नाही गं.

गेल्या महिन्यात नागपूरहून येताना मी पांढुर्ण्याला न उतरता पुढे तिगावला उतरलो. आईला सांगितलं, गाडीत डोळा लागला. डोळा लागला नव्हता. मी खिडकीत बसलो होतो. पांढुर्ण्याची पाटी मी वाचली. फलाटावर ओळखीचा चहावाला दिसला, त्याला हातही केला. गाडी सुटली. आपण इथे राहतो, इथे उतरायचं असतं, हे मला त्या वेळी सुचलंच नाही. तिगावच्या बाकावर बसल्यावर सुचलं, आणि मग परतीची गाडी येईपर्यंत मी आपल्या गावाचं नाव मनात घोकत बसलो.

तेव्हापासून असं आणखी दोनदा झालं आहे. आईला अजून काही कळू दिलेलं नाही. पण तिने माझ्या बेरजा पाहिल्या आहेत, आणि ती हल्ली मला बाजारात एकटं सोडत नाही.

तुझे पाहुणे गेले की चार दिवसांची रजा काढून ये. मला नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे जायचं आहे, आणि एकट्याने गाडीत बसायची मला भीती वाटते.

तुझा,
बाबा