दुसरं टोक

प्रिय भिंगरे,

तू बनवून पाठवलेली कवळी बसली बाई एकदाची. जेवताना टकटक वाजते. म्हातारी अजून आहे एवढं तरी शेजारी कळतं. मी बोलतेय, लिहितेय तुझी आई.

तू घ्यायच्या म्हणतेस त्या दोन्ही दुर्बिणींचे फोटो तिने मला दाखवले. अकरा वर्षांनी तुला आभाळ आठवलं, बरं वाटलं. लांब नळीची देखणी आहे खरी, पण तिची तिपाई उभी करा, पेच आवळा, तोवर ढग येतील. दिवसभर लोकांचे दात घडवून तू घरी येणार पिळून निघालेली. ती कपाटातच राहील. आखूड, आरशाची घे. दिसते पिठाच्या डब्यासारखी, पण टेबलावर ठेवली की झालं. सल्ला अक्षरशत्रू बाईचा आहे, तरी तुझ्या बाबाने मला शनीची कडी दाखवली होती. मी विचारलं, कुणाची बांगडी हरवली रे? आठवडाभर हसत होता.

त्याची जुनी दुरुस्त करायच्या नादी लागू नकोस. नळीला पोचा आलाय, आरसा तडकलाय. आणि धड होती तेव्हाही दोघांशिवाय हलत नव्हती.

फोनवर तू म्हणालीस, आजी, मला एकटीला उचलता येईल अशीच हवी, कुणाला दुसरं टोक धर म्हणायला नको. म्हणून आज तुझ्या आईला कागद-पेन घेऊन बसवलं.

त्या संध्याकाळी तू पंधरा वर्षांची होतीस. आई कामावर होती. बाबाने गच्चीवरून हाक मारली, दुसरं टोक धर गं. उद्या पेपर आहे म्हणून तू दार लावून घेतलंस. मग जिन्यात तो आवाज झाला, आणि बाबा गेला. तू अजून त्या दाराआडच बसली आहेस, हे मला दिसतं.

तुला माहीत नाही ते आता ऐक. तू नाही म्हणालीस म्हणून तो रागावला नव्हता. दुर्बिणीवर ताडपत्री बांधून रिकाम्या हाताने खाली आला. म्हणाला, राहू दे, सकाळी उतरवू. मी भाजी निवडत होते. माझी जीभ तुला ठाऊक आहे. त्याला म्हटलं, पोरा, पोट सुटलं तुझं आणि जोर गेला. तुझ्या वयाचा असताना तुझा बाप एकटा लोखंडी कपाट घेऊन जिना चढायचा. हसला तो. बघच मग, म्हणाला, आणि परत वर गेला.

नंतर तू माझ्या कुशीत रडत होतीस, माझ्यामुळे, माझ्यामुळे. मी तुला थोपटलं आणि गप्प बसले. पोरीच्या डोक्यावरचं ओझं मला दिसत होतं. उतरवलं असतं तर ते माझ्या डोक्यावर आलं असतं, आणि या घरात मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून राहू दिलं.

शेजारणीकडूनही लिहून घेता आलं असतं. पण नवरा तुझ्या आईचा गेला. तिलाही आजच कळतंय. मघाशी तिचा हात थांबला. विचारलं तिने, हेही लिहू? म्हटलं, बोलले तसं लिही. तिने काय उतरवलं ते मला वाचता येणार नाही. ती माझ्याकडे बघत नाहीये. पण पेन चाललंय.

तू रागावलीस तरी तुझीच,
आजी