मेनमधून काढलेली दुरुस्ती

१४ नोव्हें. ८८, सोम.
अंधेरीला ऑफिसात पोचते तोच मुलुंडच्या फॅक्टरीचा फोन. पत्रा कापायची प्रेस ऑपरेटरच्या हातावर आली. परब नाव. उजव्या हाताची बोटं गेली.

प्रेस आमच्या प्रोग्रामवर चालते. दोन्ही हात बटणांवर असले तरच खाली यायला हवी, एक सुटला की जागीच थांबायला हवी. कधीकधी थांबायची नाही. पण ती चूक मी मे महिन्यातच काढली होती. मग हे कसं

डबा तसाच परत आणला.

१५, मंगळ.
प्रोग्रामची मेन ब्रँच, म्हणजे मूळ प्रत, शेजारच्या टेबलावरच्या विवेककडे. साकीनाक्याच्या वर्कशॉपसाठी मी तिच्यातून वेगळी ब्रँच, तिची नक्कल, काढली, दुरुस्ती त्या ब्रँचमध्ये. मग त्याने ती दुरुस्ती मेनमध्ये मर्ज करायची, म्हणजे मूळ प्रतीत उतरवायची, कारण नव्या मशीन मेनवरून जातात. तेव्हा म्हणाला होता, झालं.

आज मेन उघडली. दुरुस्ती नाही.

त्याला जिन्यात गाठलं. ‘‘मर्ज केलंच नव्हतंस?’’

‘‘केलं होतं गं. साहेबांनी काढायला लावलं. मुलुंडवाले बोंबलत होते, हात जरा हलला की प्रेस थांबते, माल निघत नाही.’’

‘‘आणि तू काढलंस.’’

पायऱ्या उतरून गेला. विसरला असता तर समजून घेतलं असतं. हे मुद्दाम.

१६, बुध.
हॉस्पिटल. विवेकही आला, न बोलावता. परबांचा हात पांढऱ्या बोळ्यासारखा. बायको उशाशी मोसंबी सोलत होती.

‘‘माझीच चूक गे बाय,’’ परब म्हणाले. ‘‘हात घातलंय कित्याक?’’ हात मधे कशाला घातलास, असंच सुपरवायझरने सांगितलंय त्यांना.

म्हटलं, ‘‘तुमची नाही. प्रेस थांबायला हवी होती.’’

बायकोचे हात थांबले. विवेक बाहेर निघून गेला.

१७, गुरु.
घाटकोपरची प्रेसही त्याच मेनवर. साहेबांना सांगितलं, दुरुस्ती परत घालू या. म्हणाले, ‘‘आधी मुलुंडवाले बटणं तपासतील. तू प्रोग्रामला हात लावू नकोस.’’

बाहेर येऊन घाटकोपरच्या मालकांना फोन केला, प्रेस बंद ठेवा. ‘‘कोण सांगतंय?’’ माझं नाव दिलं.

मग मर्ज केलं. विवेक शेजारी उभा. टेबलावरच्या चाचणीच्या सेटवर एक बटण सोडून बघितलं, थांबलं. परत. परत. प्रेसमध्ये बसवायच्या चिपमध्ये त्याने नवा प्रोग्राम भरला. ‘‘उद्या मी बसवून येतो, सुनंदा. मला जाऊ दे.’’

१८, शुक्र.
साहेब आवाज न चढवता म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. आईला अजून सांगितलेलं नाही. काय सांगू.

विवेक सकाळीच घाटकोपरला गेला म्हणे. जाताना साहेबांच्या केबिनमध्ये बराच वेळ होता.

१९, शनि.
विवेकच्या घरी फोन नाही. वाण्याकडून घाटकोपरला लावला. मालक खुशीत. ‘‘तुमचा माणूस येऊन गेला. आता काही भानगड नाही म्हणाला. पहिल्यासारखीच चाललीय, थांबत नाही कुठे.’’

‘‘चिप बदलली ना त्याने?’’

‘‘ते आपल्याला काय कळतं बाई.’’

ऑपरेटरला बाजूला करा, रिकाम्या प्रेसवर मधेच एक बटण सोडून बघा, म्हटलं. बघतो म्हणाले. ऑर्डर निघू दे आधी. मागे प्रेस चालू होती, ऐकू येत होती.

आई विचारतेय, साडी बदलून कुठे निघालीस. घाटकोपर