विचारणारीचा आवाज

३ एप्रिल २०२५, गुरुवार

पुण्याहून पाकीट आले. माझ्या नावाने! आमची जागृती ज्या केंद्रात कामाला होती तिथून. वाटले, खोलीवरचे उरलेसुरले सामान असेल. निघाला एक पेनड्राईव्ह आणि दोन पानांचे पत्र.

महाराष्ट्रातल्या ज्यू लोकांचा, म्हणजे बेने इस्रायलांचा, इतिहास जमवणारे हे केंद्र. जुनी पत्रे, लग्नाचे करारनामे, फोटो, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. जागृती तिथे लागली तेव्हा इथे वर्ध्याजवळ सिंदी मेघेत जो तो विचारायचा, हे कोण लोक? ती सांगायची, "मराठीच बोलतात बाप्पा. फक्त शनिवारी चूल पेटवत नाहीत."

पत्र प्रमुख दीना चेऊलकर यांचे. आधी दुःख कळवले आहे, मग काम. मोझेलबाई किहीमकर, वय अठ्ठ्याऐंशी. वडील रेल्वेत गार्ड, बालपण वर्ध्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. जागृतीने त्यांच्या सहा मुलाखती घेतल्या. बाई रंगात आल्या की वऱ्हाडी बोलतात, ते पुण्यात कोणाला नीट कळत नाही. जागृतीच लिहून काढणार होती. ते आता मी करीन का? "फक्त बाईंची उत्तरे लिहावीत. केंद्राच्या पद्धतीप्रमाणे अंतिम प्रतीत विचारणाऱ्याचा आवाज ठेवत नाहीत." काम झाल्यावर पेनड्राईव्ह परत पाठवावा.

जागृतीला जाऊन आज सव्वीस दिवस. चार दिवसांचा ताप. आम्ही पुण्याला पोचलो तेव्हा तिच्या तोंडात नळी होती. माझ्या फोनमध्ये तिचा आवाज एकदाही नाही. ती नेहमी लिहून पाठवायची.

जागृतीच्या आईला, धुरपताला, सांगितले. म्हणाली, "मले नाई ऐकाचं." आणि तांदूळ निवडत बसली.

४ एप्रिल

लॅपटॉपवर लावले. "आजी, सुरू करू?" एवढे ऐकले आणि बंद केले.

६ एप्रिल, रविवार

कूलर बंद करावा लागतो, नाहीतर बारीक आवाज येत नाही. शेजारच्या रत्नदीपने कानात घालायचे यंत्र दिले. तो सावंगीच्या दवाखान्यात रेकॉर्ड विभागात आहे, त्याच्याकडे दोन होते. जेवणानंतर धुरपता झोपते तेव्हा मी बसतो.

मोझेलबाईंचा आवाज खणखणीत. पुणेरी मराठीत सुरुवात करतात आणि पाच मिनिटांत घसरतात. आज सांगत होत्या – क्वार्टरमध्ये नवे राहायला गेले तो पहिलाच शनिवार. शेजारच्या अनुसयाबाईने मागच्या दारातून पाहिले, चूल थंड. आपल्याकडे चूल बंद म्हणजे घरात मयत! बाई पिठलं-भाकर घेऊन आली आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"माही माय म्हणे, बाई, काऊन रडून राह्यली? तं ते म्हणे, कोन गेलं व तुह्या घरी?"

"मंग काय सांगितलं आजी तुमच्या आईने?" – जागृती.

"काय सांगन? म्हणे, कोनी नाई गेलं, देवाचा वार हाय. तं अनुसयाबाई म्हणे, मले आधी सांगाचं ना! पावशेर बेसन गेलं माहं!"

जागृती हसली. नाकातून हसायची तशीच.

बाईंचे शब्द निळ्या शाईने लिहिले, तिचे पेन्सिलने. प्रश्न लिहू नका असे पत्रात आहे. पण चौतीस वर्षे भूमी अभिलेखमध्ये मोजणी केली. एकाच्या शेताची हद्द लिहायची तर शेजाऱ्याची खूण घ्यावीच लागते. नाहीतर नकाशा बसत नाही. आपले मी लिहितो, गाळायचे असेल तर ते गाळतील.

१० एप्रिल

दुसरी मुलाखत. बाईंचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. घरातले सगळे आरसे झाकले. साठवलेले पाणी ओतून टाकले. सात दिवस जमिनीवर बसायचे, दाराला कडी नाही. भेटायला येणारा 'बरं आहे का' विचारत नाही, नुसता बसून जातो.

जागृतीने विचारले, "शेजारचे आले का आजी?"

मग –

"शनवार व्हता ना व. चूल तं दर शनवारी बंदच राहे. कोनाले समजन? अनुसयाबाई मांगच्या दारातून पाहून गेली. मले दिसली ते. गेली, आपल्या कामाले लागली. माह्या मायच्या मांडीवर पोरगं पडून, अन् ते पाहून गेली."

हे मी तीनदा ऐकले. जागृती गेली तेव्हा आमच्याकडे अख्खी गल्ली डबे घेऊन आली होती.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीला गेलो नाही. मागच्या वर्षी ती पुण्याहून खास आली होती, निळी साडी नेसून. दारावरून डीजे गेला तेव्हा धुरपताने खिडकी लावून घेतली.

१९ एप्रिल

रत्नदीप आला होता. म्हटले, बाईंचा हा शब्द 'आगटं' की 'आकटं', ऐकून सांग. एक बोंडू त्याच्या कानात, एक माझ्या. पाच-सात मिनिटे ऐकले त्याने.

"आजी भारी बोलते राजे हो!" म्हणाला. "पण मधात मधात थांबते लय. वय झालं."

जागृतीबद्दल एक अक्षर नाही. दोघे एका वर्गात होते, दहावीपर्यंत. मला वाईट वाटू नये म्हणून नाव टाळले असेल. मी पण काढले नाही. चहा पिऊन गेला.

२४ एप्रिल

चौथी मुलाखत. हे लिहावे की नाही कळत नाही.

बाई मलिद्याचे सांगत होत्या. नवस फेडताना गोड पोहे, खोबरे, फळे एका ताटात मांडतात आणि एलियाहू नावाच्या संदेष्ट्याचे नाव घेतात. आई मनुके किती घालायची ते चालले होते. बोलता बोलता थांबल्या.

"कोन हाय व तो?"

"कोण आजी?"

"दारात उभा हाय तो. तुहा बाप हाय काय?"

जागृती म्हणाली, "बाबा वर्ध्याले आहेत आजी. इथं आपण दोघीच."

"बापच हाय म्हणते मी! केव्हाचा उभा हाय. काही बोलत नाई."

मी त्या वेळी खरोखर दारात उभा होतो. पाठ अवघडली म्हणून उठलो होतो, वायर तिथपर्यंत पुरते. घड्याळात दोन वाजून दहा. घरात कोणी नाही, धुरपता आत झोपलेली.

मुलाखत डिसेंबरची आहे. पत्रात तारीख दिली आहे. म्हातारपणी असे भास होतात. माझी आई शेवटी शेवटी शेळी आली, शेळी आली म्हणायची.

२५ एप्रिल

आज खुर्चीवरून उठलो नाही.

२७ एप्रिल

आज दीनाबाईंना फोन केला. मला फोनवर बोलायला जमत नाही. आधी कागदावर लिहून घेतले होते, तरी सगळे उलटसुलट झाले.

म्हटले, मुलाखतीतून जागृतीचा आवाज काढू नका.

त्या म्हणाल्या, "काका, तो नियम आहे. शंभर वर्षांनी कोणी ऐकेल तेव्हा साक्ष देणाऱ्याचाच आवाज हवा. विचारणारा मध्ये आला की लोक म्हणतात, यांनीच वदवून घेतलं. आमच्या लोकांच्या बाबतीत असं पुष्कळ झालंय. कापून झालं की मूळ प्रतही ठेवत नाही. दोन प्रती राहिल्या की शंका येते."

"मूळ पण पुसता?"

"पुसतो काका. जागृतीला माहीत होतं ते."

म्हटले, मग पेनड्राईव्ह माझ्याकडे राहू द्या. कोणाला ऐकवणार नाही. लिहून देतो.

"तुम्ही आधी मजकूर पाठवा," म्हणाल्या. "मग बोलू. मला विश्वस्तांना विचारावं लागेल." त्यांचा आवाज वाईट नव्हता. पण हो म्हणाल्या नाहीत.

म्हणजे मी लिहून पाठवले की ते कापणार. मी जितका लवकर लिहीन तितकी ती लवकर जाईल!

३ मे

सहा दिवस काही लिहिले नाही. रोज नुसते ऐकतो. पाचव्या मुलाखतीत तिला खोकला आहे. "आजी, एक मिनिट हं," म्हणते आणि पाणी पिते. घोट ऐकू येतो.

धुरपता आज चिडली. "पोरगी गेली, अन् तुमी तिले कानात घालून बसले! मी काय करू? मी कोनाले घालू?"

म्हटले, तू पण ऐक ना.

"नाई. एकडाव ऐकलं तं मले रोज लागन."

चहा तिने करून दिला. कप जोरात ठेवला.

८ मे, गुरुवार

सहावी, शेवटची. जानेवारीतली. बाई थकलेल्या, शब्द तुटतात. वर्धा सोडले तो दिवस सांगत होत्या. गाडी सुटताना आई सारखी वळून पाहत होती. पोरगा इथेच पुरलेला. कोणाला तरी ओळखीचा दगड दाखवून ठेवावा असे तिला वाटत होते, पण दाखवायला माणूस नव्हता.

एकतिसाव्या मिनिटाला थांबल्या.

"तो पाह्य. आजही उभा हाय."

मी उभाच होतो. या वेळी मुद्दाम. का, ते विचारू नये.

जागृती "बाबा वर्ध्याले आहेत" म्हणाली नाही. नुसता पंख्याचा आवाज. आणि मग अगदी जवळून –

"बसू द्या त्यांना आजी. थकले ते."

मी बसलो. खुर्ची नव्हती तिथे. खालीच बसलो, फरशीवर, उंबऱ्याला टेकून.

पाच वाजता धुरपता उठून आली. मला खाली बसलेले पाहून काही विचारले नाही. आपणही येऊन बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आज लय गरम होऊन राह्यलं, नाई?" मी हो म्हटले.

९ मे

पुन्हा लावले. एकतीस मिनिटे. तेच वाक्य, तसेच. भास असता तर दुसऱ्यांदा आला नसता. तिसऱ्यांदाही तेच. पेन्सिलने लिहून ठेवले.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

विहारातून आलो. जागृतीच्या नावाने वंदना घेतली.

त्याआधी परवा मजकूर स्पीड पोस्टने पाठवला. एकशे बारा पाने. बाईंचे शब्द आणि जागृतीचे, दोन्ही. वाटले, आवाज नाही तर निदान शब्द कुठे तरी राहतील. कोणी पेन्सिल खोडली तर खोडली.

पेनड्राईव्ह पाठवला नाही. पत्रात लिहिले, नंतर पाठवतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत सरकारची टाचणीसुद्धा घरी आणली नाही. आता हे. कपाटात जागृतीच्या मार्कशीटच्या फाईलमध्ये ठेवला आहे.

१७ मे

रोज एकदा ऐकतो. फक्त सहावी. फरशीवर बसून.

२० मे, मंगळवार

दीनाबाईंचा फोन. मी घाबरलो. पेनड्राईव्ह मागणार! पण त्यांनी निराळेच विचारले.

"काका, जागृतीची प्रश्नांची वही तुमच्याकडे आहे का? मुलाखतीत बोललेलं सगळं ती लगेच त्यात टिपायची."

म्हटले, नाही. तिच्या सामानात आलीच नाही.

"झेरॉक्स? तिने कधी फोटो काढून पाठवला होता?"

"नाही."

"ती तुमच्याशी या मुलाखतींबद्दल बोलायची?"

म्हटले, एवढेच सांगायची की एक आजी आपल्यासारखी बोलते.

"बरं," म्हणाल्या. लगेच ठेवला नाही. त्यांच्या मागे कोणी तरी पाने उलटत होते. मग म्हणाल्या, "वही इथेच आहे. तिच्या खणात. कुलूप होतं." आणि ठेवला.

मी काय चुकीचे लिहिले?

२३ मे, शुक्रवार

दीनाबाईंचा फोन आला. तुम्हाला पाठवलेल्या प्रतीत प्रश्न नव्हतेच, म्हणाल्या. जागृतीने स्वतःच बसून आपला आवाज काढला होता, फेब्रुवारीत. तेवढ्या जागा कोऱ्या ठेवल्या. मूळ तेव्हाच पुसले. एप्रिलमध्ये मी फोन केला तेव्हा हे सांगायला त्यांची जीभ उचलली नाही. मी लिहिलेले प्रश्न त्यांनी वहीशी ताडून पाहिले. शब्दाला शब्द.

पेनड्राईव्ह ठेवा तुमच्याकडेच, म्हणाल्या.

हेच मागितले होते. मिळाले. तेव्हापासून लावून पाहिलेला नाही.